बाबा, मी झोळी घेऊन फिरत नाही

डब्लिन, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा, सा. न.

परवा फोन मधेच कट झाला आणि बाबा चिडलेत असं वाटलं म्हणून लिहितेय. मी मजेत आहे, थंडी आता सोसते, मेतकूट अजून पुरतंय.

बाबा, एनजीओ म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर पावतीपुस्तकच येतं. मी शाळेत जाऊन शिकवते हो. सरकारचा आयरिश एड म्हणून विभाग आहे तो यासाठी संस्थांना पैसे देतो, मग आम्ही वर्गात जाऊन टी-शर्ट कुणी शिवला, कापूस कुणाचा, त्याला किती मिळाले हे पोरांकडूनच शोधून घेतो. तुम्ही पाचवीला आठवडी बाजारात न्यायचात तसंच की!

इथली एक गंमत. ईस्टरच्या आधी ४० दिवस यांचा उपवास, तेव्हा ट्रोकरा नावाची संस्था (१९७३ ची, नावाचा अर्थ करुणा) शाळेत, चर्चमधे पुठ्ठ्याची डबी वाटते, चपटी येते, घरी घड्या घालून उभी करायची. उपवास म्हणजे साबुदाणा वगैरे नाही, पोरं फक्त चॉकलेट सोडतात आणि वाचलेले पैसे डबीत टाकतात. आणि ती ठेवायची कुठे तर केचपच्या बाटलीशेजारी! माझी घरमालकीण चर्चला जात नाही पण डबी ठेवतेच. पहिल्या वर्षी मला वाटलं दुधाचे सुट्टे आहेत, मी त्यातून दोन युरो काढले, कळल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं, पाच टाकले.

डबीवर कुठल्यातरी गरीब देशातल्या माणसांचा फोटो असतो. आणि मी वर्गात सांगते कीव करू नका, असं का झालं ते विचारा. फोटो कसे वापरायचे याचे नियम इथल्या संस्थांनी मिळून केलेत, पण फोटो बघितल्याशिवाय खिशात हात जात नाही हेही खरंच. परवा एका पोराने विचारलं, मिस, तुमचा फोटो होता का डबीवर? मी म्हटलं नाही रे, उलट तुमच्याकडे १८४५ नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा कलकत्त्याहून वर्गणी आली होती, सुरू गोऱ्यांनी केली पण आपल्या लोकांनीही दिले. वर्ग गप्प. त्या पोराच्या प्रश्नावर तिथे हसले मी, घरी येताना बसमधे नाही हसले.

आता पैशाचं. या महिन्यात कमी पाठवलेत, माहितीये, भाडं वाढलं. पत्र्याचं काम पावसाआधी होईल एवढं मेमधे नक्की पाठवते. पगार अनुदानावर आणि अनुदान वर्षाचं, पुढचं जूनमधे कळेल, तेव्हा बाबा "सांगितलं होतं" म्हणू नका प्लीज. कराडच्या स्थळाला सध्या नको सांगा, मुलगा चांगला आहे, माझंच ठरत नाहीये. आणि दादाच्या साखरपुड्याला मला नाही जमणार, तिकीट एकदाच परवडतंय, ते लग्नाला. वहिनीला शाल घेतलीये, दादाला आधी तुम्हीच सांगा ना.

आई, गुडघा दाखवलास का? बाबा म्हणतात बराय, पण ते मास्तर, सगळ्यांनाच पास करतात.

तुमची,
ताई