घटस्फोटासाठी काय करायचं, हे तालुक्याच्या कोर्टात सांगणार कोण? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: घटस्फोट आणि पोटगीसाठी तालुका न्यायालयात येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी खरी माहिती मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वकिलांचे दावे, शपथपत्रं, मुदतीचे अर्ज टाइप करणं हा माझा धंदा. मी वकील नाही, कुणाला सल्ला देण्याचा मला अधिकारही नाही. तरी लग्न मोडायला आलेली माणसं वकिलाच्या आधी माझ्याच टेबलाशी येतात, कारण आत कुणाला विचारायचं हे त्यांना माहीत नसतं. आणि बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: "एक स्टँप पेपर द्या आणि त्यावर सोडचिठ्ठी टाइप करून द्या."

तो मजकूर मला पाठ आहे, पण मी तो टाइप करून देत नाही. 'उभयतांचे आपसात पटत नसल्याने राजीखुशीने विभक्त होत आहोत. आजपासून एकमेकांशी काहीएक संबंध राहिलेला नाही. लिहून देणार ही पुढे पोटगी मागणार नाही. दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत.' खाली सह्या किंवा अंगठे, चार-पाच पंचांची नावं आणि नोटरीचा गोल शिक्का. मी नाही म्हटलं की दुसरीकडे कुठेतरी तो तयार होतोच. मुलीचा बाप तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून घरी नेतो. त्याच्या लेखी लेक मोकळी झाली.

कायद्याच्या लेखी ती अजून त्याच नवऱ्याची बायको असते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. या कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. जातीच्या रूढीने काडीमोड होत असेल तर कलम २९ त्याला जागा ठेवतं, पण ती रूढी खरंच चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ते सिद्ध होत नाही. या कागदाच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवीन संसारातली बाई उद्या नवऱ्याच्या पेन्शनसाठी किंवा वारसनोंदीसाठी गेली की तिथे तिला कळतं की आपलं लग्नच कायद्याने झालेलं नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती गावात कुणीच सांगत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, बाईला पोटगीचा हक्क देतं. त्याच कलमात असंही आहे की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पोटगी मिळणार नाही. मग बाई पोटगी मागायला आली की नवऱ्याचे वकील तोच स्टँप पेपर पुढे करतात: बघा, राजीखुशीने वेगळं राहायचं हिनेच लिहून दिलंय. म्हणजे हा कागद तिला घटस्फोट तर देत नाहीच, वर तिची पोटगी अडवायला कामाला येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी व न्याय मंत्रालयाने नोटरींना बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका. तरी या कागदाची मागणी घेऊन माणसं माझ्याकडे येतच आहेत.

महोदय, ही माणसं अडाणी आहेत म्हणून असं करतात, असं कृपा करून समजू नका. पदवी घेतलेली, कंपनीत नोकरी करणारी मुलंही "सात वर्षं वेगळं राहिलं की आपोआप घटस्फोट होतो ना?" असं विचारतात. कायद्यातली सात वर्षं ही ज्या जोडीदाराचा जिवंत असल्याचा ठावठिकाणाच लागत नाही त्याच्यासाठी आहेत. तिथेही अर्ज करावाच लागतो, आपोआप काही होत नाही. खरी माहिती एका ठिकाणी, मराठीत, सरकारच्या शिक्क्यानिशी मिळतच नसेल तर माणूस बैठकीतल्या पंचांचंच ऐकणार.

सांगायचं म्हटलं तर ते दोन पानांत बसण्यासारखं आहे. लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवाद असामान्य हालअपेष्टांचा, आणि त्यालाही कोर्टाची परवानगी लागते. अर्ज कुठे करायचा? जिथे लग्न लागलं तिथे, जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. अर्ज बायकोचा असेल तर ती आज जिथे राहते तिथेही. ही सोय २००३ पासून आहे. आजही माहेरी आलेल्या मुलींना वाटतं की सासरच्या जिल्ह्यात जाऊनच भांडावं लागेल, आणि त्या भीतीनेच त्या गप्प बसतात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. तालुक्याला फक्त कनिष्ठ स्तराचं कोर्ट असेल तर दुसऱ्या गावी जावं लागतं. हे आधी कळलं तर निदान पहिली एसटी तरी बरोबर धरली जाईल.

सोबत काय आणायचं तेही साधं आहे. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, आधार, मुलांचे जन्मदाखले. नोंदणी झालेली नसली तरी अर्ज करता येतो, पत्रिका आणि साक्षीदारांवर काम भागतं. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. घटस्फोट आणि पोटगीच्या कामात महिलांना कोर्ट फी माफ आहे, तीही आपल्याच राज्याच्या १९९४ च्या अधिसूचनेने. दागिने गहाण टाकून फीचे पैसे घेऊन आलेल्या बायकांना मी विधी सेवा समितीच्या खोलीकडे बोट दाखवते. ती खोली बोळाच्या टोकाला आहे आणि तिच्या दारावरची पाटी पायऱ्यांवरून दिसत नाही.

दोघांची संमती असेल तर वाट त्यातल्या त्यात जवळची. वर्षभर वेगळे राहिलेले असावेत, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर होऊन तीच इच्छा सांगायची. २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दीड वर्ष वेगळे राहिलेले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला असेल आणि एकत्र येण्याची आशाच नसेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. इथे एक गोष्ट लोकांना आधीच सांगायला हवी. शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली रक्कम, स्त्रीधन, रुखवतातली भांडी, मुलांना भेटण्याचे दिवस, सगळं त्या अर्जातच लिहून घ्यावं आणि पैसे कोणत्या तारखेला किती हेही त्यातच असावं. तोंडी ठरलेलं नंतर कोर्टात उभं राहत नाही.

संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून देणं, व्यभिचार, अशी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधली कारणं. आणि इथे काय वाढून ठेवलंय ते लोकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. पहिले कित्येक महिने नोटीस बजावण्यातच जातात. नवरा चाकणला नाहीतर वाळूजला कामाला असतो, खोली बदललेली असते, पाकीट 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत येतं. मग तो हजर झाला की समेटाचा प्रयत्न, त्याची लेखी कैफियत, मुद्दे, शपथेवरचा पुरावा, उलटतपास, युक्तिवाद. कलम २१-ब म्हणतं की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. अंतरिम पोटगीच्या अर्जाला कलम २४ ने साठ दिवस दिलेत. आमच्या आवारात यातलं काही वेळेत झालेलं माझ्या पाहण्यात नाही. न्यायाधीशांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रोजच्या बोर्डावर किती प्रकरणं असतात ते मी रोज छापील पाहते.

पोटगीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाईचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि देण्याचं शपथपत्र बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही ठरवून दिलं. हे प्रकरण आपल्या नागपूरचंच. त्या निकालासोबत शपथपत्राचा शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, पीक कोणतं, म्हशी-गाई-शेळ्या-कोंबड्या किती आणि त्यांचं उत्पन्न किती, असे रकाने आहेत. मध्यंतरी एका मुलीचा अर्ज टाइप करत होते. नवऱ्याच्या नावावर किती गुंठे आहेत ते तिला सांगता येईना, सातबारा तिने कधी पाहिलेलाच नव्हता. पण दूध कोणत्या डेअरीला जातं, दर दहा दिवसांनी बिल किती येतं, कोणती म्हैस आटलेली आहे, हे तिने न अडखळता सांगितलं, कारण धार तीच काढत होती. तिच्या वकिलांनी त्यावरून डेअरीचं रेकॉर्ड मागवण्याचा अर्ज दिला. नवऱ्याने आधी 'मी शेतमजूर, उत्पन्न नाही' असं लिहून दिलं होतं. काय काय आठवून आणायचं एवढं जरी बायकांना कुणी आधी सांगितलं, तरी कितीतरी पोटग्या बऱ्या ठरतील. आणि ठरलेली पोटगी थकली तर कलम १४४ खालचा वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो, हेही कुणी सांगत नाही. बायका नवऱ्याच्या 'देतो, देतो' वर थांबतात आणि मागची बाकी हातची जाते.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ म्हणतं, ही सुनावणी बंद दाराआड व्हावी. आमच्याकडे शिपाई व्हरांड्यात नावाचा पुकारा करतो. बांधाच्या भांडणासाठी आलेला अर्धा गाव तिथे उभा असतो आणि मुलगी त्यांच्यामधून मान खाली घालून आत जाते. पुण्यात शिवाजीनगरला, मुंबईत वांद्र्याला स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय आहे, विवाह समुपदेशक आहेत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत ते सक्तीचं केलं, इतरत्र मात्र राज्य शासनाला आवश्यक वाटेल तिथे. समुपदेशकांची संख्या ठरवण्याचं कामही त्या कायद्याने शासनाकडेच दिलंय, उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. कोर्टाचं रोजचं कामकाज आपल्या हातात नाही हे मला समजतं. पण इमारत, पदं आणि पैसा आपल्याच खात्यातून येतो.

आणखी एक. सगळ्यांना एकच कायदा नाही. बौद्ध, जैन, शीख यांना हिंदू विवाह कायदाच लागू आहे, हे आमच्या भागातल्या बौद्ध कुटुंबांनाही पुष्कळदा सांगावं लागतं. अनुसूचित जमातींना तो लागू नाही, त्यांच्याकडे रूढी चालते. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून तलाक मागता येतो, ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा कायदा आहे, नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी १९५४ चा. माहितीपत्रक काढाल तेव्हा हे भाग वेगळे करून द्या.

माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या प्रत्येक कोर्टाच्या प्रवेशापाशी, आतल्या बोळात नव्हे, एक टेबल असावं. तिथे विधी सेवा समितीची एक स्वयंसेविका कोर्टाच्या पूर्ण वेळेत बसावी आणि तिचं मानधन वेळेवर मिळावं. तिच्या हातात सोप्या मराठीतलं दोन पानांचं पत्रक असावं. तेच पत्रक ग्रामपंचायतीत, जिथे लग्नाची नोंद होते, आणि पोलीस ठाण्यात लावावं. वरिष्ठ स्तराच्या कोर्टांत आठवड्यातून निदान एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक यावा आणि त्याला दार लागेल अशी खोली मिळावी. नोटरींना नुसतं परिपत्रक पुरेसं नाही. घटस्फोटाचे दस्त करणाऱ्यांची चौकशी होते, हे एकदा तरी दिसू द्या.

पत्रकाचा एक मसुदा मी माझ्या परीने टाइप करून ठेवला आहे. दोन ज्येष्ठ वकिलांनी तो वाचून दुरुस्त केला आहे. आपल्या खात्यातल्या जाणत्या अधिकाऱ्याने तो तपासावा, हवं ते बदलावं आणि शासनाच्या नावाने छापावा. त्यावर माझं नाव नको. प्रत या पत्रासोबत टपालाने पाठवत आहे.

कळावे,
आपली नम्र,
तालुका न्यायालयाच्या आवारातील एक टंकलेखिका