बाबांचा खोकला आणि बेडक्याचा रंग

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, बेडका पिवळा पडला म्हणून तुम्ही मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणलंत, हे आईकडून कळलं. तो रंग जंतूंचा नसतो हो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं एक एन्झाइम असतं, त्यामुळे कफ पिवळा-हिरवा होतो. साध्या विषाणूच्या खोकल्यातही तसाच होतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

पण तुम्हाला इतकी वर्षं बिडीचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, म्हणून निव्वळ दुर्लक्ष करूनही भागणार नाही. तुमचा रोजचा कफ पांढरट असतो. तो एकाएकी वाढला, पुवासारखा झाला आणि धापही वाढली, तर मात्र अँटिबायोटिक लागू शकतं. ते ठरवायचं डॉक्टरांनी. म्हणून नुसत्या रंगापेक्षा रोजच्यापेक्षा काय बदललं, ते बघा.

थंडी वाजून ताप आणि गंजासारखा तांबूस बेडका म्हणजे न्यूमोनियाची शंका. गुलाबी, फेसाळ कफ आणि आडवं झालं की जीव घुसमटणं, हे फुप्फुसात पाणी भरल्याचं लक्षण, बहुतेकदा हृदयामुळे. तेव्हा माझ्या फोनची वाट न बघता आधी 108 लावायचा. रक्ताची बारीक तार दिसली तरी सांगायचं. तुमच्या पानाने सगळंच लाल दिसतं, म्हणून आधी चूळ भरा, मग बघा. (पान सोडा म्हणून थकले, आता लिहीत नाही.)

टीबी रंगावरून ओळखता येत नाही, साध्या पांढऱ्या कफातही तो निघतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. तुमचे दोन आठवडे केव्हाच उलटले.

आई, तिथून डबी मिळेल. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, बाबांना साध्या पाण्याने चूळ भरायला लाव. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढायचं, नुसती लाळ नको. हे अंगणात, तुझ्यापासून लांब. झाकण घट्ट लावून डबी लगेच पोचवायची.

गोळ्यांची पाकिटं टाकू नकोस. अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, कधी कधी जंतू सापडत नाहीत, त्यामुळे कोणत्या गोळ्या किती घेतल्या ते डॉक्टरांना कळायला हवं. उरलेल्या घ्यायच्या की नाही, तेही त्यांनाच विचारा. मी शनिवारी पोचते.

तुमची,
धाकटी