नाही म्हटलं की नक्कल करायची, हे कुठवर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

टीव्हीवर जाहिरात लागते, दोन सेकंद वाटतं अरे हे तर ते गाणं, आणि तेवढ्यात चाल भलतीकडेच वळते. ठेका तोच, गिटार तशीच, गाणाऱ्याचा गळा पण तसाच, फक्त गाणं ते नाही. याला आमच्या धंद्यात साउंड-अलाइक म्हणतात. मी बरीच वर्षं जाहिरातींसाठी कीबोर्ड वाजवतोय म्हणून लिहावंसं वाटलं.

हे होतं कसं ते सांगतो. एडिटर एडिट करताना तात्पुरतं म्हणून एखादं गाजलेलं गाणं खाली लावतो, सगळे कट त्याच्या ठेक्यावर बसतात, क्लायंट आठवडाभर तेच ऐकत राहतो आणि मग त्याला दुसरं काही आवडतच नाही. ते गाणं खरंच वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक शब्द आणि चाल ज्यांच्या मालकीची त्यांची आणि दुसरी ते रेकॉर्डिंग ज्यांचं त्यांची. कधी पैसे परवडत नाहीत, कधी कलाकारच नको म्हणतो. मग आम्हाला फोन येतो, सेम नको पण तसंच पाहिजे. मीही एकदा केलंय असं काम, पैसे घेतले, आणि नंतर ती जाहिरात लागली की चॅनल बदलायचो.

अमेरिकेत १९८५ साली फोर्डच्या जाहिरातीत गाण्यासाठी प्रसिद्ध गायिका बेट मिडलरला विचारलं होतं, तिच्या मॅनेजरने सरळ नाही सांगितलं. जाहिरात एजन्सीकडे त्या गाण्याच्या शब्दांचं आणि चालीचं लायसन्स होतं, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. मग त्यांनी काय केलं तर तिच्याच मागे अनेक वर्षं कोरस गाणारी गायिका आणली आणि जितकं तिच्यासारखं गाता येईल तितकं गा म्हणाले. ओळखीच्या लोकांनाही तो आवाज मिडलरचाच वाटला. १९८८ मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, की माल विकायला प्रसिद्ध गायकाच्या ओळखू येणाऱ्या आवाजाची मुद्दाम नक्कल करणं म्हणजे जे आपलं नाही ते घेणं. पुढे तिला ४ लाख डॉलर मिळाले.

अमेरिकन गायक टॉम वेट्सची केस तर वाचून मला झोप लागली नाही. तो जाहिराती करत नाही हे त्याने उघड सांगून ठेवलेलं. १९८८ मध्ये चिप्सच्या रेडिओ जाहिरातीत त्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून घेतली, आणि रेकॉर्डिंगच्या वेळीच एजन्सीच्या माणसाला धास्ती वाटली, गायकाला म्हणाला जरा कमी कर. पण ते कोणाला आवडेना. नक्कल नसलेलं दुसरं व्हर्जनही करून ठेवलं, वकिलाने केस होऊ शकते म्हणून सांगितलं, तरी कंपनीने नकलेचंच निवडलं! म्हणजे माहीत नव्हतं असं नाही ना. ज्युरीने एकट्या दंडाचेच २० लाख डॉलर लावले आणि १९९२ मध्ये अपिलात ते कायम राहिले.

काहीजण म्हणतील ढंग काय कोणाच्या बापाचा आहे का. नाहीच. सगळे एकमेकांचं ऐकूनच शिकतात, मी पण तसाच शिकलो. पण तुम्ही आधी त्या माणसाला विचारलं होतंत, तो नाही म्हणाला, आणि मग त्याचाच भास विकलात, हे शिकणं नव्हे. त्याच्या नाहीला काही किंमतच उरली नाही.

आणि तयार संगीत विकणाऱ्या लायब्ररीतून लायसन्स घेऊन विकत घेतला म्हणून ट्रॅक सुरक्षित होतो असंही नाही. न्यूझीलंडच्या नॅशनल पार्टीने २०१४ च्या निवडणूक जाहिरातीत असाच घेतलेला ट्रॅक वापरला, त्याचं नावच ‘एमिनेम एस्क’ होतं. २०१७ मध्ये कोर्टाने तो ट्रॅक अमेरिकन रॅपर एमिनेमच्या गाण्याची कॉपी ठरवला आणि ६ लाख न्यूझीलंड डॉलर भरायला लावले, अपिलात ते २ लाख २५ हजार झाले. नावातच सगळं लिहिलेलं असताना एकालाही थांबावंसं वाटलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एजन्सीवाल्यांना माझं मागणं एवढंच आहे की नकार आला की ते गाणं एडिटवरून काढा आणि संगीतकाराला आवाज बंद केलेला व्हिडिओ द्या. मला एकदा असा मिळाला होता. दोन दिवस काहीच सुचलं नाही, तिसऱ्या दिवशी धून सापडली आणि क्लायंटने ती एकदाच ऐकून ठेवून घेतली.

आपला,
एक कीबोर्ड वादक