पंचवीस तास नीट बस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, तीन वर्षं होत आली म्हणून ऑफिसनं विम्याचं पंचवीस तासांचं प्रशिक्षण लावलंय, लॅपटॉपवर ते चालू ठेवते आणि बाजूला कोटेशनं करत बसते. तू जेवत होतीस म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण मला ते अजिबात पटलेलं नाही. फोनवर हे नीट सांगता यायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी विमा एजंटचं लायसन्स काढलं तेव्हा आधी शंभर तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि पुढं दर तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी पंचवीस तास. वर्ग बेळगावातच, एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारे सर निम्मं कन्नडात, निम्मं इंग्रजीत बोलायचे. शहापूर-वडगावच्या आम्ही मराठी बायका पुढच्याच बाकावर बसायचो, आणि अडलं की सरळ हात वर. सर पुन्हा सांगायचे, कधी मोडक्यातोडक्या मराठीत. रात्री घरी येऊन मी सगळं वहीत मराठीत उतरवून काढायचे. २०१५ च्या कायद्यानंतर आमची नेमणूक थेट कंपनीकडं गेली आणि ती पंचवीस तासांची सक्ती सुटली. बऱ्याच एजंटांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. आता मीटिंगा होतात, पण त्यात टार्गेट आणि स्पर्धा जास्त, कलमं कमी. तुम्हा ब्रोकरकडच्या, म्हणजे अनेक कंपन्यांच्या पॉलिसी मिळवून देणाऱ्या लोकांना ते तास अजून मिळतात, आणि तू ते आवाज बंद करून चालवणार!

वडगावच्या त्या मागवाल्या काकूंचं तुला अर्धंच सांगितलं होतं. त्यांच्या यजमानांची पॉलिसी नव्या कायद्यानंतरची. लॉकडाउनमध्ये माग थांबले, हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली. वर्षाअखेरीस थोडे पैसे हातात आल्यावर तब्येतीचं डिक्लरेशन देऊन त्यांनी ती पुन्हा चालू करून घेतली. २०२४ मध्ये ते गेले. क्लेम टाकला तर कंपनीचं पत्र आलं, की शुगर लपवली होती म्हणून रक्कम देता येत नाही. काकू ते इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडं आल्या. पॉलिसीचा बॉण्ड दुसऱ्या एजंटानं दिलेला, तो फोनच उचलत नव्हता.

विमा कायद्याचं कलम ४५ तुला पाठ असेल. तीन वर्षं झाल्यावर कुठल्याही कारणानं पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण तीन वर्षं कधीपासून मोजायची? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुन्हा चालू केल्याची तारीख, रायडर, म्हणजे जोडीचं जादा संरक्षण, घेतल्याची तारीख, यांतली जी सर्वांत नंतरची तिथून. २०१५ च्या दुरुस्तीवर जो वर्ग झाला त्यात एका पोरानं नेमकं हेच विचारलं होतं, "सर, बंद पडून परत चालू केली तर?" सरांनी फळ्यावर तारखा मांडून दाखवल्या होत्या. ते पान माझ्या वहीत होतं. काकूंच्या कागदांवर रिव्हायवलची, म्हणजे पुन्हा चालू केल्याची तारीख शोधली, तिथून मोजलं, तर मृत्यूपर्यंत तीन वर्षं पुरी होऊन वर काही महिने झाले होते. कलमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, रिव्हायवलची पावती जोडली. क्लेम मंजूर झाला. धाकट्या पोरीचं कॉलेज सुटलं नाही.

तो प्रश्न त्या दिवशी माझ्या कानावर पडला नसता तर मी काय केलं असतं, सांग. काकूंना "बघू या" म्हणून चहा पाजून परत पाठवलं असतं. तेव्हापासून कुणाचा हप्ता चुकला की सवलतीचे दिवस संपायच्या आत मी स्वतः दारात जाते. महिन्याच्या हप्त्याला पंधराच दिवस असतात, बाकीच्यांना तीस. पॉलिसी बंद पडून परत चालू झाली की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

आपल्या भागात तर हे जास्तच. फॉर्म इंग्रजीत, शाळा मराठीत झालेली, कचेरी कन्नडात. खानापूरकडचा शेतकरी मराठीत सही करतो, आणि खाली "मी यांना मजकूर समजावून सांगितला" म्हणून दुसऱ्याची सही असते. ती सही मी केली तर मला तो मजकूर समजलेला हवा. माझ्या दृष्टीनं या धंद्यातली सगळ्यांत जड सही तीच.

आणखी एक. महाराष्ट्रातल्या चंदगडचे लोक बेळगावला दवाखान्यात येतात, बाजाराला येतात, पॉलिसीही इथल्याच शाखेत काढतात. तक्रार झाली तर त्यांना वाटतं आता बंगळूरला खेटे घालावे लागणार. तसं नाही. विमा लोकपालाकडं, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, तक्रार शाखेच्या पत्त्यावरून करता येते, तशी राहत्या पत्त्यावरूनही करता येते. म्हणजे चंदगडच्या माणसाला पुण्याचा लोकपालही चालतो. आधी कंपनीला लेखी द्यायचं, महिनाभर वाट बघायची, मग जायचं. फी नाही, वकील नाही. सीमेवर राहून हे ठाऊक नसेल तर लोक निम्म्या वाटेत तक्रार सोडून देतात.

नियम तर सारखे बदलतात. २०२४ मध्ये आरोग्य विम्यात जुन्या आजाराला संरक्षण मिळायची वाट बघायची मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आली, ज्या मुदतीनंतर फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही, तो आठ वर्षांचा मोरेटोरियम पाच वर्षांचा झाला, पॉलिसी बघून परत करायला तीस दिवस मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. दुसऱ्या दिवशी उद्यमबागच्या फौंड्रीतल्या एकानं विचारलं, "काकू, आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवरचाबी गेला काय?" नाही गेला. तुझं तर कामच ग्रुप पॉलिसीचं. हा प्रश्न तुला शंभर जण विचारतील, आणि ऐकीव उत्तर दिलंस तर त्याच्या मालकाचा हिशेब चुकेल.

म्हणून ऑफिसात सांग की त्या वेळात कोटेशनं होणार नाहीत. सकाळचे दोन तास ठेव. हातानं लिहून काढ, टाइप करू नकोस. शंका असेल तर प्रश्न लिहून पाठव, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा कर. तास पुरे करशील ते मला माहीत आहे, त्याची काळजी नाही.

सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली तर मिळणाऱ्या रकमेचा भाग येईल तेव्हा मला नीट विचारून दे. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसीला पहिलं वर्ष पुरं झालं की काही रक्कम मिळते हे मला ठाऊक आहे, पण ती कशी काढतात ते उदाहरणासकट हवंय. येळ्ळूरच्या एका बाईंनी पोराच्या फीसाठी पॉलिसी मोडायची ठरवली आहे. मी त्यांना रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. शनिवारच्या आत फोन कर.

तुझी आई