महिनाअखेरीस संपणारी बाटली: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री

विषय: जुनाट आजार असलेल्या पाळीव प्राण्यांच्या औषधांसाठी दरमहा साहाय्य मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या चिंगी या कुत्रीला मधुमेह आहे. वय अकरा. तीन वर्षांपूर्वी ती अचानक भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली, रात्रीतून चार-चारदा दाराशी जाऊन उभी राहू लागली आणि पोटभर जेवूनही तिचा कणा हाताला टोचायला लागला. रक्त तपासलं, निदान झालं. तेव्हापासून सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात या दोन वेळा आमच्या घरात चुकत नाहीत. आधी तिचं जेवण. ती नीट जेवली की फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढायची, तळहातांत हलकेच फिरवायची, पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई टोचायची. ती आता मान वळवूनही बघत नाही.

कुत्र्यांचा मधुमेह गोळ्यांवर भागत नाही. जवळजवळ प्रत्येक मधुमेही कुत्र्याला जन्मभर इन्सुलिन लागतं, बहुतेकांना दिवसातून दोनदा. म्हणजे बाटली संपते, दुसरी आणावी लागते, तीही संपते. मी निवृत्त ग्रंथपाल आहे, निवृत्तिवेतनावर घर चालवते. ज्या काळात माझ्याच दोन आजारपणांचा खर्च अंगावर आला, त्या काळात मी एक गोष्ट केली. ती इथे लिहायला मन धजत नाही, पण ती लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

महिना संपायला दहा दिवस होते आणि बाटली तळाला गेली होती. मी प्रत्येक डोसमधून दोन युनिट कमी करायला लागले. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं. पहिले चार दिवस काही जाणवलं नाही. मग पाणी पिणं वाढलं. नवव्या दिवशी तिने जेवणाला तोंड लावलं नाही, उलट्या सुरू झाल्या, श्वासाला एक वेगळाच गोडूस वास यायला लागला. कीटोॲसिडोसिस. शरीराला साखर वापरता येईना म्हणून ते चरबी जाळत होतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठत होतं. तिला चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. त्या चार दिवसांचं बिल कित्येक महिन्यांच्या इन्सुलिनहून जास्त झालं. ते मी उसने घेऊन भागवलं आणि वर्षभर फेडत राहिले.

महोदय, मला म्हणायचंय ते एवढंच. प्राण्यांसाठीच्या बहुतेक योजना एकदाच करायच्या कामांसाठी असतात. लसीकरणाचं शिबिर, नसबंदीची मोहीम, अपघातात सापडलेल्या जनावराची शस्त्रक्रिया. ही कामं मोलाचीच आहेत, त्यांतला एक पैसाही कमी करा असं मी म्हणत नाही. पण जुनाट आजार शिबिराच्या तारखेला येऊन बरा होत नाही. त्याला पुढच्या महिन्यातही औषध लागतं. आणि औषध न मिळण्याइतकंच ते मध्येच तुटणंही घातक असतं.

फिट येणाऱ्या कुत्र्यांचं उदाहरण घ्या. त्यांना फेनोबार्बिटल देतात. माणसांच्या अपस्मारावर १९१२ सालापासून वापरात असलेलं हे जुनं औषध. रोज चालू असलेल्या या गोळ्या एकदम थांबल्या तर फिट पूर्वीपेक्षा जोरात उलटू शकतात; एकामागून एक झटके येऊन कुत्रं दगावू शकतं. दवाखान्याच्या बाकावर मला एक आजोबा भेटायचे. त्यांच्या खिशात कागदाची पुडी असायची आणि पुडीत ब्लेडने कापलेले गोळ्यांचे तुकडे. डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली होती, ते पाव देत होते. त्यांना हिशेब येत नव्हता असं नाही. हिशेब येत होता म्हणूनच ते पाव देत होते.

हृदयाच्या आजाराचंही तसंच. छोट्या जातींच्या कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाची झडप झिजते. हृदय मोठं झालंय पण अजून निकामी होऊ लागलेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडान सुरू केलं तर हृदय निकामी होणं सरासरी पंधरा महिने लांबतं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार मोठे. पण ते मिळतात रोज दोनदा गोळी दिली तरच. मांजरांच्या मधुमेहात तर आणखी एक आशा असते: लवकर आणि नेमाने इन्सुलिन मिळालं तर काही मांजरांची साखर पुन्हा ताब्यात येते आणि इंजेक्शन बंद करता येतं. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत केलेली मदत पुढचा खर्चच वाचवू शकते.

'परवडत नाही तर पाळावं कशाला?' हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेलाय. चिंगी आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि मी नोकरीत होते. आजार आठव्या वर्षी आला. माणसाची नोकरी जाते, जोडीदार जातो, स्वतःची तब्येत ढासळते. आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या जिवाला त्या दिवशी कुठे परत करायचं? ज्यांना खरोखर काही मार्ग उरत नाही, ते एक तर बऱ्यापैकी जगू शकणाऱ्या प्राण्याला कायमचं झोपवायला नेतात, नाहीतर रात्री लांब कुठेतरी सोडून येतात. इन्सुलिनवर असलेलं कुत्रं रस्त्यावर फार दिवस काढू शकत नाही. आणि सोडलेल्या प्राण्याला उचलणं, ठेवणं, खाऊ घालणं हा खर्च शेवटी सार्वजनिक पैशातूनच होतो.

माणसांच्या औषधांना पैसे कमी पडत असताना प्राण्यांना कुठून द्यायचे, हा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. तो खरा आहे. म्हणून मी मोठी विमा योजना मागत नाही. खाजगी विमाही बहुधा आधीपासून असलेल्या आजाराला हात लावत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाहीच. मी मागतेय ते यापेक्षा पुष्कळ लहान आहे.

जन्मभर औषध लागणाऱ्या नेहमीच्या आजारांची एक छोटी यादी करा: मधुमेह, फिट, हृदयविकार, थायरॉइड, ॲडिसन (शरीरातली काही संप्रेरकं कमी पडण्याचा आजार), मांजरांचे मूत्रपिंडाचे विकार. यांतली पुष्कळशी औषधं, म्हणजे फेनोबार्बिटल, फ्युरोसेमाइड, लेव्होथायरॉक्सिन, प्रेडनिसोलोन, जुनी आहेत, पेटंटमुक्त आहेत, माणसांसाठीही बनतात. ती घाऊक विकत घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून खरेदीच्या भावात द्या. ज्याचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली आहे त्याला पशुवैद्याने सही केलेलं कार्ड द्या आणि त्या कार्डावर दर महिन्याचं औषध सवलतीत मिळू दे. प्राण्याची नोंदणी, लसीकरण आणि नसबंदी झालेली असावी ही अट घाला, आम्हाला ती मान्य आहे. नसबंदीचा तर इथे थेट संबंध आहे: मादी कुत्र्यांत माजानंतरच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचं काम बिघडतं.

कार्डात तपासणीही धरा, ही माझी कळकळीची विनंती. नुसतं औषध हातात देऊन चालत नाही. काही इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, काहींत १००, आणि सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो आणि साखर उतरून प्राणी मरू शकतो. मिळेल ते स्वस्त आणणाऱ्या माणसाकडून ही चूक सहज होते. त्याला पाच मिनिटं कोणीतरी शिकवायला हवं आणि रक्तातली साखर वेळोवेळी बघायला हवी.

कोणी म्हणेल, हे सरकारचं काम नव्हे. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन यांनी एका तळघरात गरिबांच्या आजारी प्राण्यांसाठी मोफत दवाखाना काढला. ती संस्था, पीडीएसए, आजही चालू आहे. एका बाईच्या तळघरातून जे उभं राहिलं ते एका खात्याला जड जाऊ नये.

आणि इन्सुलिनबद्दल एक सांगते. १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि मधुमेहाचं मूळ तिथे आहे हे जगाला कळलं. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी स्वादुपिंडातून काढलेला आपला अर्क आधी कुत्र्यांना टोचला. त्यांतली मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंड नसताना सुमारे सत्तर दिवस जगली. पुढच्याच जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात दिले गेले. मी स्वतः मधुमेही आहे, महोदय. रात्री चिंगीची बाटली ठेवते त्याच कप्प्यात माझीही बाटली असते. माझं औषध मला सवलतीत मिळतं.

गेल्या तीन वर्षांतला प्रत्येक डोस, प्रत्येक तपासणी, प्रत्येक बिल मी एका वहीत लिहून ठेवलंय. कमी केलेले ते अठरा डोसही त्यात आहेत, लाल शाईने. आपल्या खात्याला खर्चाचा अंदाज बांधायला ही वही उपयोगी पडेल. बोलवाल तेव्हा घेऊन येईन. फक्त सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात सोडून वेळ द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल