दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त शिक्षकांचं पत्र होतं. व्हिडिओ गेममुळे मुलं एकलकोंडी झाली, घरातून ते खूळ हद्दपार करा, असा एकूण सूर. त्यांच्या वयाचा मान ठेवून लिहिते. पत्र वाचून मला राग आला नाही, हसू आलं. कारण ते वाचताना माझ्या अंगठ्यावर कैलासजीवन लावलेलं होतं. फोड आला होता, आणि तो त्याच खुळामुळे.

मी इंदूरला रामबागेत साड्यांना फॉल-पिको करून देते. पंचेचाळिशी ओलांडली आहे. माझ्या हातून दिवसभर मशीन पळत असतं, त्यामुळे अंगठ्याला फोड येणं म्हणजे नामुष्कीच. पण भाऊबीजेच्या रात्री आम्ही पावणेदोनपर्यंत टँकवाला गेम खेळत होतो, त्याला इलाज नव्हता.

झालं असं. दिवाळीच्या साफसफाईत आईच्या माळ्यावर चकलीच्या सोऱ्यामागे एक खोकं सापडलं. आत आमचा जुना व्हिडिओ गेम, 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलेली पिवळी कॅसेट (त्यात खरे गेम बारा-पंधरा, बाकी तेच ते नाव बदलून), एक प्लॅस्टिकची बंदूक आणि दोन रिमोट. पहिल्या रिमोटची वायर उंदरांनी कुरतडलेली. दुसरा ठणठणीत. दादा पुण्याहून आलेलाच होता. त्याने गेम नव्या चपट्या टीव्हीला जोडला, दुसरा रिमोट पहिल्याच्या जागी खोचला आणि टँकांची पाटी पडद्यावर आली. मी नाचायचीच बाकी होते. मग कळलं की गेम सुरूच करता येत नाही. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नाही!

हे मला आठवायला हवं होतं. तो रिमोट माझाच होता.

1992 साली हा गेम घरी आला तेव्हा मी बारा वर्षांची, दादा सोळाचा. पहिला रिमोट अर्थातच दादाचा. त्यावर स्टार्ट, सिलेक्ट, सगळं. दुसऱ्यावर फक्त फुलीसारखं दिशांचं बटण आणि उजवीकडे गोळ्या झाडायची बटणं. म्हणजे खेळ कधी सुरू करायचा, कोणता खेळायचा, मधेच थांबवायचा का, हे सगळं दादा ठरवणार. मला तहान लागली तरी त्याला म्हणायचं, 'दादा, थांबव ना.' तो बरोबर माझा टँक मरेपर्यंत थांबवायचा नाही. काँट्रा नावाच्या गोळीबाराच्या गेममध्ये तीस जीव मिळवायचा मंत्र होता, वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए. तो मला पाढ्यांसारखा पाठ. पण म्हणायची मी आणि दाबायचा दादा.

भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, फोनवर शोधून सांगितलं की यात आमच्या यंत्राचा काही दोष नाही. 1983 साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं जे मूळ यंत्र निघालं, त्याच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हतं. त्याऐवजी बोलायला एक बारीक माइक होता. आपल्या हाती आलेल्या नकलेत बटणंही नाहीत आणि माइकही नाही. म्हणजे धाकट्यांची तक्रार ऐकायची जी एक सोय जपान्यांनी ठेवली होती, तीही इथे येईस्तोवर गळली.

दुसऱ्या दिवशी नवा रिमोट शोधायला जेल रोडला गेले. तीन दुकानदारांनी हात जोडले. चौथा म्हणाला, "मैडम, ये तो म्यूज़ियम का माल है," आणि आतून धूळ खात पडलेली रिमोटची जोडी काढून दिली. पिन जुळली. नव्या दोन्ही रिमोटना स्टार्ट आहे. मी मुद्दाम दोन्ही घेतले.

आता त्या रात्रीबद्दल. दादाचे दोन जुने मित्र आले होते. एक आमच्याच गल्लीतला, दुसरा हिंदी घरातला पण आमच्याकडे पोळ्या खाऊन मोठा झालेला. दोघांची पोटं सुटलेली, एकाने गुडघ्याला पट्टा बांधलेला. दादाचा मुलगा सोळा वर्षांचा. तो त्या फोनवरच्या गेममध्ये असतो, ज्यात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच संघ उरतो. दिवाळीचे चार दिवस तो कानात बोंडुकं घालून कोपऱ्यात बसला होता, हे शिक्षक महाशयांच्या बाजूने मान्य करते. शंभर जणांत खेळत होता आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्याला दिसत नव्हतं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी टँकवाल्याची कूळकथा. मूळ नाव बॅटल सिटी, जपानच्या नामको कंपनीने 1985 मध्ये काढला. पडद्याच्या खाली मधोमध विटांच्या कोंदणात एक गरुड असतो. वरून वीस शत्रूटँक येतात, ते संपवायचे आणि गरुड जपायचा. आपले टँक कितीही शिल्लक असोत, गरुडाला एक गोळी लागली की खेळ खलास. आणि इथेच मेख आहे: ती गोळी आपलीही चालते. जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो मरत नाही, पण जागच्या जागी थिजतो, लुकलुकत राहतो, आणि तेवढ्यात शत्रू त्याला टिपतो. म्हणजे दोघं एका बाजूचे, पण एकमेकांचा घात करायची पूर्ण मुभा. वर प्रत्येक फेरीअंती हिशोबाची पाटी येते, कोणी किती मारले, आणि ज्याचे जास्त त्याला हजार गुण बक्षीस. मिळून गरुड वाचवला, तरी भांडायला हजार गुण आहेतच. भावाबहिणींची इतकी अचूक ओळख त्या जपान्यांना कुठून झाली कोण जाणे.

दादाचा 1992 चा हुकूम होता, 'तू घर सांभाळ.' तो वर जाऊन शत्रू मारणार, हजार गुण घेणार, मी गरुडाच्या विटांपाशी उभी. तक्रार नाही, मी उत्तम सांभाळलं. कुठल्या विटेआडून टँक डोकावेल हे मला आजही कळतं. फक्त एकदा, फार पुढच्या लेव्हलला, घाईत माझीच गोळी गरुडाला लागली. ती गोष्ट आमच्या घरात तीस वर्षं सांगितली जाते. माझ्या लग्नात दादाने माझ्या नवऱ्याला सांगितली, भर पंगतीत.

आणखी एक. त्या काळी आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता. अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि बाबांच्या बातम्यांआधी पुन्हा होती तशी करून ठेवायची. त्या पडद्यावर दोघांचे टँक सारखेच राखाडी. पहिला गरुडाच्या डावीकडून निघतो आणि दुसरा उजवीकडून, एवढीच ओळख. पुढे गर्दीत मिसळलो की आपला कोणता हे जरा हलवून बघावं लागायचं. या भाऊबीजेला चपट्या टीव्हीवर पाटी उघडली आणि मी बघतच राहिले. दादाचा टँक पिवळा होता, माझा हिरवा. पोपटीही नाही, चांगला गडद हिरवा. इतकी वर्षं मला माझ्या टँकचा रंगच माहीत नव्हता.

नियम जुनेच ठेवले: ज्याचे जीव संपले तो उठणार, पुढचा बसणार, आणि जो उठेल त्याने चिवड्याचा डबा फिरवायचा. टीव्हीने सुरुवातीला थोडा त्रास दिला. बटण दाबल्यावर टँक एक क्षण उशिरा वळायचा. दादाचा मित्र ओरडला, "अबे भिया, ये टँक पी के आया है क्या!" भाच्याने बोंडुकं काढली, टीव्हीत जाऊन काहीतरी गेम मोड का काय ते लावलं, आणि टँक शुद्धीवर आला. सांगायला आलेला भाचा मग उठलाच नाही. पहिल्या खेळीत त्याचे जीव दोन मिनिटांत संपले. शंभर जणांत शेवटपर्यंत टिकणारा मुलगा, पण शेजारचा माणूसच कोपर मारतो आणि मुद्दाम थिजवतो, हे त्याला नवीन होतं. "आत्या, तू माझ्याच टीममध्ये आहेस ना?" असं त्याने कळवळून विचारलं. मी म्हटलं, "हो बाळा, म्हणूनच."

बारा वाजता आई उठून आली. आता टीव्ही बंद करते की काय, या भीतीने पन्नाशीची तीन माणसं एकदम गप्प झाली, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आई खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांत तिला सगळं उमगलं आणि मग तिने ज्या सूचना केल्या, "अगं डावीकडे, डावीकडून मेला आला!" त्यात दोन फेऱ्या आम्ही तिच्या जिवावर काढल्या. रिमोट दोन होते, पण खेळत सहाही जण होते.

आणि दीडच्या सुमारास, दादाच्या गोळीने गरुड फुटला. दादाच्याच. मागून शत्रू आला म्हणून तो गर्रकन वळला, आधीच्या चकमकीत वीट उडालेली होती, गोळी सरळ आत. खोलीत एक क्षण शांतता. मग भाच्याने जी शिट्टी मारली ती शेजारच्या वाड्यात ऐकू गेली असेल. दादा म्हणाला, रिमोट नवीन आहे, बटण अडकलं. पुढची तीस वर्षं मी ही गोष्ट सांगणार आहे. सुरुवात आपल्या वृत्तपत्रापासून करते.

शिक्षक महाशयांना माझं एवढंच म्हणणं आहे की यंत्राला सरसकट दोष देऊ नका. दुसरा गडी कुठे बसलाय ते आधी बघा. शेजारी बसलेल्यावर रुसता येतं आणि त्याच्याच हातचा चिवडाही खाता येतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लांबलचक पत्र. खोक्यातली बंदूक चालली नाही. बदकं मारायचा गेम, डक हंट, लागतो. बदकं उडतात, पण एक मरेल तर शपथ. भाच्याने कारण शोधलं. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट उजेड तिच्यात शिरतो. घोडा ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. ही सगळी वेळ जुन्या काचेच्या, पाठीला पोट असलेल्या टीव्हीवर बेतलेली. चपट्या टीव्हीवर चित्र उशिरा पोहोचतं आणि बंदूक आंधळी होते. आमचा जुना टीव्ही केव्हाच गेला. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची पिवळी गाडी येते, तिच्या मागे पळत आपण काय काय टाकलं ते या शहरात कोणालाच आठवत नाही. 2017 पासून ओळीने कितीतरी वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर आला, तो काय उगाच?

पण आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत तसा एक टीव्ही सतरंज्यांखाली पडून आहे. मी समितीकडे गेले. म्हटलं, फेकू नका. पुढच्या गणेशोत्सवात पाठांतर आणि पाककृतीच्या जोडीला एक संध्याकाळ यालाही द्या. दोन रिमोट, आउट झाला तो उठणार, आजोबा विरुद्ध नातवंडं. उत्तर मिळालं, "ताई, हे मराठी मंडळ आहे, व्हिडिओ पार्लर नाही." टीव्ही पुढच्या महिन्यात भंगारात जाणार आहे. आमच्या घरी त्या रात्री जेवढं मराठी बोललं गेलं, आणि जशा शिव्यांसह, तेवढं भाचा वर्षभरात बोलला नसेल, हे त्यांना कसं सांगू?

समितीतले सगळे आपलं वृत्तपत्र घेतात. त्यांनी टीव्ही आम्हाला भंगाराच्या भावाने द्यावा, हातगाडी मी आणीन. मंडळाला जमत नसेल तर इतर कोणाच्या माळ्यावर असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता तिथे ठेवते. घाई अशासाठी की भाच्याने आणखी एक शोध लावला आहे. बदकांच्या गेममध्ये एकाच्या हातात बंदूक असताना दुसऱ्याने रिमोट धरला तर बदक त्याच्या इशाऱ्यावर उडतं. एवढी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. आईने आत्तापासून सांगून ठेवलं आहे, बंदूक तुम्ही धरा, बदक मी उडवणार.

आपली,
एक वाचक
रामबाग, इंदूर

(नाव छापू नये. दादा पुण्यात हाच पेपर वाचतो.)