मा. ऊर्जामंत्री महोदय, टाकीतला गोंद पुन्हा गोठला

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

कारखान्यांची वीज बंद करण्यापूर्वी किमान 24 तास आधी सूचना मिळेल, असे आश्वासन आपण लघुउद्योजकांच्या बैठकीत दिले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्याच उजव्या हाताच्या अंगठ्याला आज पट्टी असल्यामुळे हे पत्र डाव्या हाताने लिहीत आहे, तरी चुकांबद्दल क्षमा असावी.

माझ्याकडे माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून, खोक्यांचे फ्लॅप, म्हणजे झाकणाच्या पाकळ्या, हॉट मेल्ट या वितळवून लावायच्या गोंदाने बंद करण्याचे काम चालते. या गोंदात पाणी नसते, द्रावकही नसते; घन दाणे टाकीत साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअसला वितळवायचे, तापलेल्या होजमधून (नळीतून) नोझलपर्यंत आणायचे आणि पुठ्ठ्यावर गोंदाची पट्टी पडताच काही सेकंदांच्या आत फ्लॅप दाबायचा, एवढाच खेळ. ते सेकंद चुकले की पट्टी वरून गार होते आणि पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरतच नाही. आपल्या खात्याला सेकंद हे माप परिचित नसावे, म्हणून हा खुलासा.

मंगळवारी वीज चार वेळा गेली. दर वेळी पट्टी पडलेली, पण फ्लॅप न दाबलेली खोकी मशीनमध्येच अडकली आणि दर वेळी टाकी, होज व नोझल पुन्हा तापेपर्यंत पाऊण तास आम्ही तापमानाचे आकडे पाहत बसलो. तिसऱ्या खेपेला घाई झाली, हे मान्य करतो: टाकी तापली होती, होज पुरता तापला नव्हता आणि आम्ही लाइन सुरू केली. त्या पाळीची सुमारे 600 खोकी ग्राहकाच्या गोदामात रात्रीतून उघडली. त्यांतले एक माझ्यासमोर टेबलावर आहे. नीट चिकटलेला फ्लॅप ओढला तर पुठ्ठ्याचा कागद फाटून गोंदाबरोबर येतो. हा मात्र अलगद सुटला आणि मागे राहिली गोंदाची गुळगुळीत, चकचकीत पट्टी, जिला कागदाचा एक तंतूही लागलेला नाही.

चौथ्या खेपेला नोझल तुंबले. टाकीच्या कडांना धरलेली जळकी खपली अशा गार-गरम होण्यात सुटते आणि नेमकी नोझलमध्ये जाऊन बसते. नोझल खोलण्याआधी होजमधला दाब सोडायचा असतो आणि हातमोजे घालायचे असतात, हे मी स्वतः कामगारांना शिकवतो. त्या दिवशी दोन्ही विसरलो. वितळलेला गोंद कातडीला धरून बसतो, तो ओढायचा नसतो, थंड पाण्याखाली हात धरायचा असतो. मी नळाकडे धावलो, तर नळ कोरडा, कारण सकाळपासून पाण्याचा पंपच चालला नव्हता. शेवटी पिण्याच्या माठात हात बुडवला. तोवर वेदनेने गोंद ओढला होता, आणि त्याच्याबरोबर कातडीही आली.

माझ्या वहीप्रमाणे गेल्या महिन्यात वीज 19 वेळा गेली. कामगार 23 म्हणतात, आणि त्यांची मोजणी माझ्याहून पक्की असते. आपल्या कार्यालयाच्या लेखी उत्तरात हा आकडा 2 आहे. माझ्या तिन्ही तक्रारींवर ‘निराकरण झाले’ असा संदेश आला, त्यांतला एक तर अंधारात वाचला. सूचना पाठवायला यंत्रणा नाही, निराकरणाचे संदेश पाठवायला मात्र आहे! बिल एक दिवस थकले की हीच यंत्रणा फोन नंबर, पत्ता, सगळे शोधून काढते. ही गोष्ट एकट्या विजेची नाही. परवाना असो वा तपासणी, मुदत आम्हालाच असते आणि कार्यालयाला असते ती ‘प्रक्रिया’.

नुकसानभरपाईच्या अर्जाला वीज गेल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि तो देणार तेच कार्यालय, ज्याच्या मते वीज दोनदाच गेली. तेव्हा ती भरपाई राहू द्या. वीज जाण्याच्या एक तास आधी फोनवर एक ओळ पाठवा: अमुक वाजता जाईल, अमुक वाजता येईल. तेवढ्या वेळात मी लाइन रिकामी करीन, दाब सोडीन आणि पाण्याची टाकी भरून घेईन.

आपला,
खोकी चिकटवणारा एक वीजग्राहक